हंसाबाईच्या ओढणीवरचे अकरा गेंडे

घाटंजीच्या आठवडी बाजारात, बँकेच्या दाराच्या नेमकं समोर, कडुनिंबाखाली उत्तमसिंग आडे बसतो. दुकान लावून बसतो, पण दुकान म्हणावं असं त्यात काही नाही. एक पत्र्याची पेटी, काचेचा तुकडा, चिमटा, वाटीत खळ, पतंगाचा पातळ कागद, आणि झाडाला तारेनं बांधलेली पाटी: ‘फाटक्या, जळक्या, धुतलेल्या, उंदराने खाल्लेल्या नोटा बदलून मिळतील.’ शंभराला दहा रुपये बदलाई. आपली बदलाई उंदरानं आधीच कापून घेतली, त्याला कोणी बोलत नाही, मलाच सगळे बोलतात, अशी उत्तमसिंगची कायमची तक्रार.

आता कोणी म्हणेल, समोर बँक असताना लोक याला पैसे का देतात. खराब नोटा इथे मोफत बदलून मिळतील, असं बँकेनं भिंतीवर लिहूनच ठेवलं आहे. पण फाटकी नोट घेऊन माणूस काउंटरवर गेला की कॅशियर कपिलसाहेब मान वर न करता सांगतात, ‘समोर जा.’ तीस वर्षांत मॅनेजर बदलले, कॅशियर बदलले, कॉम्प्युटर आले, थंड हवेचं यंत्र आलं, पण हे दोन शब्द टेबल-खुर्चीसारखे आधीच्याकडून पुढच्याच्या ताब्यात जात राहिले. मधला रस्ता सोळा फुटांचा. तो ओलांडायचे शंभराला दहा पडतात.

उत्तमसिंगला या धंद्याचा फार अभिमान. पुंडलिकराव पाटलांनी लक्ष्मीपूजनात मांडलेल्या पाचशेच्या नोटेवर उदबत्ती पडली, तेव्हा ती नोट काचेवर पसरून तो सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाला, “पाटील, लक्ष्मीले चटका तुमी देता अन् मलमपट्टी मी करू.” पुंडलिकराव ओशाळले आणि पंधरा रुपये जास्त देऊन गेले. मोठ्या नोटा बंद झाल्या त्या साली तर पन्नास दिवस त्याला तहसीलदारापेक्षा जास्त नमस्कार पडले. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, पण तो गंभीर चेहऱ्यानं ‘थांबा थोडं’ म्हणायचा आणि लोकांना धीर यायचा. तेव्हापासून कोणतं नाणं चालतं, कोणतं नाही, याचा निवाडा बाजारात उत्तमसिंगच करतो. बँकेचा कागद लोक वाचतात आणि मग त्याला विचारायला येतात.

फक्त एक माणूस त्याला विचारत नाही. ती त्याची बायको, हंसाबाई.

हंसाबाई बंजारा तांड्यातली जुन्या वळणाची बाई. अजून काचा लावलेली काचोळी घालते आणि डोक्यावर नाण्यांच्या रांगेची ओढणी घेते. या ओढणीचा एक नियम आहे आणि तो तिच्या याडीनं, म्हणजे आईनं, तिला घालून दिला: चालू पैसा कमरेच्या पिशवीत, बंद पैसा अंगावर. कारण साधं आहे. चालणारं नाणं अंगावर लावलं की अडचणीच्या दिवशी नवऱ्याची नजर तिकडेच जाते. बंद नाण्याकडे कोणी बघत नाही, म्हणून ते राहतं. चार आणे सरकारनं २०११ साली बंद केले तेव्हा बाजार हळहळला आणि हंसाबाईनं दुसऱ्या दिवशी दाभण आणि दोरा काढला. गेंड्याचं चित्र असलेल्या चवन्न्यांची अख्खी रांग तिच्या कपाळावर आली.

यंदा दिवाळीनंतरच्या लग्नसराईत भाचीचं लग्न ठरलं. ओढणी काढून बघते तर जुना दोरा कुजलेला आणि घाईत भोक न पाडता नुसत्या टाक्यांत बसवलेले अकरा गेंडे खाली आलेले. तिनं ते रुमालात बांधून नवऱ्याच्या पत्र्याच्या पेटीत ठेवायला दिले. पेटीला कुलूप होतं, घरात दुसरं कुलूप नव्हतं. इथे हंसाबाईची चूक झाली.

बाजाराच्या तोंडाशी रजतचं मोबाइलचं दुकान आहे. जुन्या नाण्यांना लाखो रुपये मिळतात असे व्हिडिओ तो बघायचा आणि लोकांना दाखवायचा. लाखो कोणाला मिळालेले नव्हते, पण चवन्नीला रोख चाळीस रुपये तो मोजत होता. चार आण्याला चाळीस रुपये म्हटल्यावर उत्तमसिंगच्या तीस वर्षांच्या विद्येनं मान टाकली. त्यानं अकराही गेंडे विकले आणि बायकोला दुसरे आणून देऊ, असं मनाशी ठरवून विसरून गेला.

त्याच आठवड्यात तो हंगामभरच्या फाटक्या नोटा घेऊन नागपूरला जाऊन आला. त्याचं सगळं भांडवल त्या नोटांत. तिथे मोठ्या बँकेच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, नोटा कमी आहेत, नाणी घ्या. उत्तमसिंगनं आनंदानं घेतली. लग्नसराईच्या बाजारात सुट्ट्या पैशांचा तुटवडा, दुकानदार शंभराच्या नोटेवर दोन-चार रुपये जास्त देऊन चिल्लर नेतात. वीस हजारांची दहाची कोरी नाणी, दोन गोण्यांत, त्यानं खांद्यावर मारून घरी आणली. ही नाणी बाजारात चालली तर त्याचा धंदा उभा राहणार होता. नाही चालली तर कडुनिंब होताच, पण त्याखाली बसायला काम उरलं नसतं.

गोणी टेकवतो न टेकवतो तोच हंसाबाई म्हणाली, “माहे गेंडे द्या. शिवाले बसली आहे मी.”

दुसरा एखादा खरं बोलून मोकळा झाला असता. उत्तमसिंगनं गोणीत हात घातला आणि अकरा कोरी नाणी तिच्या ओंजळीत टाकली. “ते कायले लावतं? काळे पडले होते. हे पाह्य कसे चमकते.”

“हे चालू आहे,” ती म्हणाली.

“चालू कायचं? बंद होऊन राह्यलं. मले नागपूरले सांगतलं. तू लाव बिनघोर.”

हंसाबाईनं त्याच्या तोंडाकडे बघितलं. चाळीस वर्षांत हे तोंड तिनं पुष्कळदा वाचलं होतं. पण लग्न चार दिवसांवर आलं होतं, म्हणून तिनं सुईत दोरा ओवला. बंद नाण्याला पाडतात तसं भोक मात्र तिनं पाडलं नाही. आरसा जसा दोऱ्याच्या टाक्यांत बसवतात, तसं एकेक नाणं तिनं टाक्यांच्या कड्यात बसवलं.

बाजाराच्या दिवशी सकाळी उत्तमसिंगनं चिल्लर वाटली. चहावाल्यानं घेतली, बांगडीवाल्यानं घेतली, भाजीवाल्या बेबीताईनं घेतली. अकरा वाजता हंसाबाई लग्नाच्या खरेदीला बाजारात आली. ऊन चढलेलं, कपाळावर अकरा नाणी लकाकत होती. ती बाजार फिरली, हळद-कुंकू घेतलं आणि घरी गेली.

दुपारी बेबीताई पदरात नाणी घेऊन आली. “भाऊ, हे घ्या वापस. माह्या शंभराची नोट द्या.”

“काहून?”

“चालत नाही म्हणते.”

“कोण म्हणते?”

“सगळेच म्हणून राह्यले.”

तिच्यामागे चहावाला उभा होता, त्याच्यामागे बांगडीवाला. संध्याकाळपर्यंत सकाळी वाटलेलं प्रत्येक नाणं परत आलं, आणि न वाटलेली तीसेक नाणीही आली, कारण लोकांनी घरातले डबेही रिकामे केले होते. उत्तमसिंगनं आवाज चढवला, नाण्यावरचे सिंह दाखवले, समोरच्या भिंतीवर चिकटवलेला ‘दहाची सर्व नाणी वैध’ हा बँकेचा कागद दाखवला. बेबीताईनं तो कागद जवळ जाऊन नीट वाचला आणि परत येऊन म्हणाली, “कागदाचं काय, भाऊ. कागद तर फुकट नोटा बदलून देतो म्हणूनबी लावला आहे.”

उत्तमसिंगनं शंभराची नोट काढून तिच्या हातात ठेवली.

पुढच्या बाजाराला तेच. पुंडलिकराव भेटले, तेही मान हलवून म्हणाले की दहाचं गेलं. फोननं पैसे घेणारा घेत होता, चिकटवलेली नोट घेणारा घेत होता, कोऱ्या नाण्याला मात्र कोणी हात लावत नव्हता. आयुष्यभर ज्यानं दुसऱ्यांचे न चालणारे पैसे चालवले, त्याच्याकडे वीस हजार चांगले पैसे होते आणि ते कुठे चालत नव्हते. त्याची झोप उडाली, जेवणावरची वासना गेली. तिसऱ्या बाजाराला त्यानं एक गोणी खांद्यावर घेतली आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच तो सोळा फुटांचा रस्ता ओलांडला.

काउंटरवर रांग होती. तो रांगेत उभा राहिला, नंबर आला, गोणी वर ठेवली. कपिलसाहेब स्क्रीनकडे बघत होते.

“साहेब, हे नाणे जमा करा, नाहीतर नोटा द्या. बाजारात घेऊन नाही राह्यले.”

कपिलसाहेबांनी मान वर केली नाही.

“समोर जा,” ते म्हणाले. “तिथं उत्तमसिंग म्हणून बसते.”

मागचे दोघं हसले. उत्तमसिंग हसला नाही. गोणी उचलून तो परत रस्त्यावर आला आणि आपल्या रिकाम्या पोत्यावर जाऊन बसला. त्याला फार लाज वाटली. या दोन शब्दांवर त्यानं घर बांधलं होतं, दोन पोरी उजवल्या होत्या, आणि ते ऐकायला कसे लागतात हे त्याला आज कळलं.

बेबीताईला त्याची दया आली. मेथीच्या जुड्या बाजूला सारून ती जवळ येऊन बसली. “भाऊ, रागावू नका. तुमी म्हणता चालू आहे. मंग तुमच्याच घरच्या बाईनं अंगावर काहून घातले? तांड्यातल्या बायका बंद पैशाबिगर घालत नाही, हे आमाले लहानपणापासून माहीत आहे. तुमची बायको घालते म्हणजे तुमाले आतून खबर असन, अन् आमाले मात्र वाटून राह्यले तुमी. लोकाईले वाटलं, उत्तमसिंग आपला माल खपवून राह्यला.”

उत्तमसिंगनं डोक्याला हात लावला. सरकारनं छापलेलं, बँकेनं भिंतीवर चिकटवलेलं सगळं एका बाजूला आणि हंसाबाईची ओढणी एका बाजूला, आणि बाजारानं ओढणी मानली. त्यात बाजाराचं काही चुकलंही नव्हतं. त्या ओढणीनं आजवर कोणाला फसवलं नव्हतं.

घरी गेल्यावर त्यानं पाणीही न पिता सगळं सांगितलं. गेंडे विकले, चाळीसनं विकले, नागपूरला कोणी काही म्हणालं नव्हतं. हंसाबाई तूर निवडत होती. ती निवडतच राहिली.

“आता ओढणी ठेव घरी,” तो म्हणाला.

“घरी ठेवून काय होते? लोक म्हणन लपवली.” तिनं सूप बाजूला ठेवलं. “पुढच्या बाजाराला येतो मी. पण माहे गेंडे मले पाह्यजे. तेच. दुसरे चालत नाही.”

बाजाराच्या दिवशी ती आली आणि सरळ बेबीताईच्या पालासमोर बसली. ओढणी डोक्यावरून पुढे ओढली, कमरेची छोटी कात्री काढली आणि पहिल्या नाण्याचे टाके कापले. आसपासच्या बायका भाव करायच्या थांबल्या. हंसाबाईनं नाणं पुढे केलं. “दोन जुड्या मेथी दे.”

बेबीताईनं नाणं घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, उन्हात धरून कडेनं बघितलं. “याले भोक नाही पाडलं, बाई?”

“जित्या पैशाले भोक पाडत नाही मी,” हंसाबाई म्हणाली. “चालू आहे ते. याईनं मले खोटं सांगतलं होतं.”

‘याईनं’ म्हणजे कोणी, हे सगळ्यांनी वळून बघितलं. उत्तमसिंग कडुनिंबाखाली चिमटा पुसत होता, फार बारकाईनं पुसत होता. बेबीताईनं नाणं पिशवीत टाकलं आणि दोन जुड्या दिल्या. हंसाबाई उठली, बांगडीवाल्याकडे गेली, चहावाल्याकडे गेली, हळदीवाल्याकडे गेली. अकरा ठिकाणी तिनं अकरा नाणी कापून दिली आणि अकरा वेळा तेच वाक्य म्हटलं. दुपारी चहावाला चिल्लर मागायला आला. संध्याकाळी एक गोणी संपली होती. उत्तमसिंगचं भांडवल वाचलं आणि अब्रू अकरा पालांवर वाटली गेली.

तो उठला तो थेट रजतकडे. गेंडे काचेच्या कपाटात मांडलेले होते.

“ऐंशीला एक,” रजत म्हणाला. “आता रेट वाढला, काका.”

“चाळीसनं देल्ले होते मी तुले.”

“तुमी तर जुनी नोट बदलता तेव्हा कापताच नं, काका.”

उत्तमसिंगनं अठ्ठ्याऐंशी नाणी मोजून दिली. रजतनं ती न बघता गल्ल्यात सारली.

हंसाबाई अंगणात दगड मांडून बसली होती. शेजारी हातोडी आणि लोखंडी टोचा. तिनं रुमाल सोडला, अकरा गेंडे एकेक करून ओळखले, कोणाचं शिंग झिजलेलं, कोणाची पाठ. मग पहिला दगडावर ठेवला.

“आता कायले? दोऱ्यात बसव नं, त्या दहाच्यासारखे,” उत्तमसिंग म्हणाला. “भोक पडलेलं नाणं मंग कोणीच घेत नाही. रजतबी नाही.”

“म्हणूनच,” हंसाबाई म्हणाली. “धरा.”

उत्तमसिंगनं पेटीतून चिमटा आणला, गेंड्याची कड पकडली आणि तोंड बाजूला केलं.

“इकडं पाहा,” ती म्हणाली आणि हातोडी उचलली. “अजून दहा आहे.”