दाजींची डार्क राइड

परभणी जिल्ह्यात डार्क राइड एकसुद्धा नाही. पण डार्क राइड कशाला म्हणू नये हे सांगणारा माणूस आहे, आणि तो माझ्या नशिबी दाजी म्हणून आला आहे. पूर्णा जंक्शनवर पॉइंट्समन म्हणून गाड्या या रुळावरून त्या रुळावर घालण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. रिटायर झालेली माणसं देवाला लागतात, शेतीला लागतात, निदान सुनेच्या मागं लागतात. आमचे दाजी जत्रेतल्या भूतबंगल्यांच्या मागं लागले.

तरुणपणी ट्रेनिंगला मोठ्या शहरात गेले असताना तिथल्या एका प्रदर्शनात ते म्हणे अशा राइडमध्ये बसले होते. दोघांपुरती छोटी गाडी रुळावरून अंधाऱ्या घरात शिरते, वळणावळणावर उजेड पडतो, कुठं राक्षस दिसतो, कुठं राणीचा महाल, आणि दुसऱ्या दारानं गाडी बाहेर. परत आल्यावर त्यांनी हे सगळं नव्या नवरीला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला सांगितलं आणि वर म्हणाले, "तुला एकदा बसवतो." आक्कानं ते मनावर घेतलं. तिथंच चुकलं तिचं.

कारण दाजींचे नियम. डोक्यावर छप्पर पाहिजे, आत अंधार पाहिजे, बसून जायला पाहिजे, खाली रूळ पाहिजे आणि वाटेत बघण्यासारखं काहीतरी पाहिजे. यातलं एक जरी कमी पडलं तरी स्वारी तिकिटाच्या खिडकीवरूनच माघारी. एका उरुसात चालत जायचा भूतबंगला होता. "पायी फिरायचं तर आमच्या गोठ्यात बी अंधार हाय," म्हणाले. आतला भुताचा मुखवटा घातलेला माणूस बाहेर येऊन "काका, एकदा बघा तरी," म्हणाला, तर त्याला मुखवटा काढायला लावून पाचही नियम ऐकवले. बिचारा 'हो हो' करत उभा, आणि आतली गिऱ्हाईकं भुताची वाट बघत बसलेली. एका बागेत झुकझुकगाडी बोगद्यातून जायची. त्यावर दाजी म्हणाले, "बोगद्यात अंधार आसतोच. त्यात ह्येंचं काय कर्तृत्व?" नांदेडला हलत्या खुर्च्यांचा सिनेमा बघायला नेलं, तर म्हणाले, "खुर्ची हालली, मानूस जागच्या जागीच. ह्येला राइड म्हणत न्हाईत, हिव भरलं म्हणत्यात." एकदा पालमहून येताना एसटीतले दिवे गेले. मी म्हटलं, "दाजी, छप्पर हाय, अंधार हाय, बसलाव बी. धरायची का?" त्यांनी माझ्याकडं कीव करून बघितलं. "रूळ कुठाय?" असं विचारून खिडकीकडं तोंड फिरवलं.

आणि या प्रत्येक वेळी ठेवणीतलं लुगडं नेसून, पिशवीत भुईमुगाच्या शेंगा घेऊन आक्का बाजूला उभी असायची. मला याचा संताप यायचा. माणसाला शब्द पाळायचा नसला की तो नियम काढतो, असं माझं स्पष्ट मत होतं, आणि ते मी दाजींच्या तोंडावर बोललोही होतो. आक्का मात्र म्हणायची, "ऱ्हाऊ दे रे. खोट्यात बसवत न्हाईत, हे काय कमी हाय?" अशा बायकांमुळेच असे नवरे शेफारतात.

मग आक्काचे गुडघे गेले. ऑपरेशन ठरलं. आयुष्यात कधी काही न मागितलेली बाई एका सकाळी चहा ओतता ओतता म्हणाली, "त्याच्या आदी एकदा बसवा मला. टेबलावर झोपल्यावर उठंन का न्हाई, काय भरोसा?" दाजींचा चहा तसाच राहिला. आठवड्याभरात त्यांनी रिटायर माणसाला मिळतो तो रेल्वेचा पास काढला, आणि आम्ही तिघं दिवसभराचा प्रवास करून एका मोठ्या थीम पार्कात जाऊन धडकलो.

तिथं तरी गप्प बसावं? नाव नको. आक्का चाकाच्या खुर्चीत, मी ढकलतोय, आणि हे पुढं नापास करत चाललेत. अंधारातल्या रोलर कोस्टरला म्हणाले, "नुसतं पळवत्यात. दावत्यात काय?" गुहेतल्या नावेपाशी जरा घुटमळले, वाकून पाण्यात बघितलं आणि मान हलवली. चार वाजत आले. आक्काचे पाय सुजले होते, आणि माझ्या तोंडात शिव्या आल्या होत्या.

शेवटी एका कोपऱ्यात ती सापडली. छप्पर, अंधार, रूळ, दोघांची गाडी. आक्काला आम्ही दोघांनी उचलून आत बसवलं. आता बसावं की नाही शेजारी? पण हे गृहस्थ रुळाचा सांधा बघायला वाकले. "फट लय हाय," असं ते तिथल्या पोराला सांगत असतानाच त्यानं गाडी सोडायचा दांडा खाली पाडला, आणि गाडी आक्काला एकटीला घेऊन दारातून आत गेली.

मी दाजींना काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. ते बाहेर यायच्या दारापाशी टोपी हातात घेऊन उभे राहिले. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांना वाट करून दिलेल्या त्या माणसाला इतकं घाबरलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

गाडी आली. आक्का नीट बसली होती.

"कसं हुतं?" दाजींनी विचारलं.

"चांगलं हुतं," आक्का म्हणाली. "राणी बी हुती. पर बाजूला कुनी न्हवतं. दावू कुनाला?"

दाजींनी पोराला हात जोडले आणि रुळाकडं न बघता तिच्या शेजारी जाऊन बसले. त्या पोरालाही काय वाटलं कोण जाणे, त्यानं मुकाट्यानं दांडा पाडला आणि पुन्हा गाडी सोडली.

बाहेर आल्यावर मला राहवलं नाही. इतक्या वर्षांची उधारी वसूल करायची वेळ आली होती. "काय दाजी, बसती का नियमात? पास का नापास?"

"म्हाईत न्हाई," दाजी म्हणाले. "मी हिच्याकडंच बघायलो हुतो."

एवढ्या अंधारात काय दिसलं, हे अगदी माझ्या ओठावर आलं होतं. विचारलं नाही.