केसपेपरवरचं मधलं नाव

बाबा गेले त्यानंतर पाच महिने मी दत्ताचं नाव घेतलं नव्हतं. विसरले म्हणून नव्हे, ठरवून. तोपर्यंत ते नाव माझ्या तोंडात सतत असायचं. कुकर लावताना, जिना चढताना, बसची वाट बघताना. सवय बाबांनीच लावलेली. साताऱ्याकडच्या आमच्या गावी एका सकाळी त्यांच्या छातीत दुखू लागलं, तालुक्याच्या दवाखान्यात नेलं आणि तिथे तासाभरात ते गेले. त्या वेळी मी इथे पनवेलच्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये, कॅज्युअल्टीच्या काउंटरवर, दुसऱ्या कोणाच्या तरी वडिलांचं नाव टाईप करत बसले होते. माझा फोन ड्रॉवरमध्ये, आवाज बंद करून ठेवलेला. मी वर्षानुवर्षं गुरुवार धरणारी, दर वर्षी पारायणाला बसणारी बाई. एवढं करून ऐन माझ्या वेळी हा कुठे गेला होता, असं मनात आलं, आणि त्याचं उत्तर कुठूनच येईना. म्हणून मी अबोला धरला. नवऱ्याने एकदा चेष्टेत विचारलं, "देवाशी भांडून देवाचं काय अडतंय?" त्या रात्री मी त्याच्याशीही बोलले नाही.

माझं काम लोकांना वाटतं तितकं सोपं नाही आणि मला वाटायचं तितकं अवघडही नाही. पेशंट स्ट्रेचरवरून आत जातो आणि त्याच्याबरोबरचा माणूस माझ्यापुढे येतो. नाव, मधलं नाव, आडनाव, वय, गाव, तुमचं नातं. लोक ओरडतात, "आधी बघा त्याला, नाव काय विचारत बसलात." त्यांचं चुकत नाही. पण पेशंट पूर्वी कधी आलेला असेल तर त्याचा जुना नंबर काढून द्यायचा असतो, म्हणजे आधीचे आजार, ऑपरेशनं, कुठलं औषध सोसत नाही, हे सगळं डॉक्टरांना समोर दिसतं. पनवेलच्या आसपास पाटील आणि म्हात्रे यांना तोटा नाही, त्यामुळे तो नंबर काढताना डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. पूर्वी मी प्रत्येक नाव टाईप करून झालं की मनात एकदा "श्रीगुरुदेव दत्त" म्हणायची आणि मगच बटण दाबायची. तेवढ्या वेळात नजर आपोआप नावावरून पुन्हा फिरायची. माझी सगळी खातरजमा त्या एका श्वासात होत होती, हे मला कधी कळलंच नव्हतं. अबोला धरल्यापासून तो श्वासही गेला. हात भराभर चालायचे, पण जीव थाऱ्यावर नसायचा. खुर्चीत नीट बसवत नसे, पेनाचं टोपण उघड-मीट करत राहायची, समोरच्याचं वाक्य संपायच्या आत पुढचा प्रश्न विचारायची. कळंबोलीहून कामावर येताना रस्त्यात "अति घाई संकटात नेई" अशी पाटी लागते. ती मी रोज वाचत होते.

तो मंगळवार होता, सकाळचे अकरा वाजले असतील. पनवेलजवळच्या कोन गावाहून एका टेम्पोतून साठीच्या घरातल्या एका गृहस्थांना आणलं. शेतात पायात काटा मोडला होता, त्याकडे चार दिवस दुर्लक्ष झालं, आणि आता पाय गुडघ्यापर्यंत सुजून लाल झालेला, अंगात सणसणून ताप आणि तोंडात असंबद्ध बडबड. बरोबर त्यांची बायको. नऊवारी, हातभर हिरव्या बांगड्या, पायांत चप्पल नाही. मुलगा ट्रेलर चालवतो, तो माल घेऊन गुजरातकडे गेलेला, त्याचा फोन लागत नव्हता.

"पेशंटचं नाव?" मी विचारलं.

"त्यांचा नाव मी नाय घेत, बाय."

असं अजूनही कधीकधी होतं. अशा वेळी बरोबरचं कोणीतरी सांगतं. मागून ॲम्ब्युलन्स हॉर्न देत होती म्हणून टेम्पोवाला गाडी काढायच्या घाईत होता. त्याने दारातूनच ओरडून सांगितलं, "बाळाराम पाटील, कोन," आणि तो गेला. मी नाव आणि गाव घातलं. स्क्रीनवर एकच ओळ आली, बाळाराम गणपत पाटील, कोन, वय एकसष्ट. मी मान वर न करताच विचारलं, "गणपत ना?"

तिने पदर कपाळापर्यंत ओढला, दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि हळूच म्हणाली, "मोटे सासरे व्हते ते."

मी "सासरे" एवढं ऐकलं आणि बटण दाबलं. स्टिकर निघाले, केसपेपर निघाला, मनगटाला नंबराचा पट्टा बांधून वॉर्डबॉय मामा स्ट्रेचर आत घेऊन गेले. सगळं मिळून मिनिटभरही लागलं नाही. मला उलट बरंच वाटलं, की नाव न सांगणाऱ्या बाईचंही काम मी एवढ्या चटकन केलं.

काउंटरच्या मागेच पडदा आहे आणि पडद्यापलीकडे खाटा. पुढच्या माणसाची माहिती घेताना मला तिचा आवाज येत होता. ती डॉक्टरांना सांगत होती, "सायेब, त्यांना येक सुई बाधतं. दोन वर्सांमागं हितंच दिल्ली व्हती, मंग दम लागला व्हता." कुठली सुई, हे तिला सांगता येईना. तेव्हा मुलगा बरोबर होता, ती घरी होती. डॉक्टर तरुण होते, वागायला सभ्य. त्यांनी कॉम्प्युटरवर पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "आजी, इथे तशी काही नोंद नाही. गेल्या वर्षी त्यांना हेच इंजेक्शन दिलंय, काही त्रास झालेला नाही. घाबरू नका." हे ऐकून माझं खरं तर समाधान व्हायला हवं होतं. पण ते होईना. पाणी प्यायले, टोपण उघडलं, लावलं. समोरच्या माणसाला त्याचं वय दोनदा विचारलं, त्याने तोंड वाकडं केलं.

काउंटरला लागूनच असलेल्या खांबाजवळच्या बाकावर एक वयस्क मुसलमान बाई बसल्या होत्या. डोक्यावरून ओढणी घेतलेली, हातात जपमाळ, मांडीवर सुनेच्या एक्स-रेचं पाकीट. बऱ्याच वेळापासून त्या माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, नंबर कधी लागतो ते विचारतील. त्या उठून काउंटरपाशी आल्या आणि म्हणाल्या, "बेटी, वाईट नको वाटून घेऊ. त्या बाई मोठे सासरे बोलल्या. तू सासरे लिवलंस काय?"

"एकच ना ते," मी जरा तुटकपणेच म्हणाले.

"नाय. आमच्याकडे सासऱ्यांचा मोठा भाऊ, त्याला मोठे सासरे बोलतात. त्यांचं पण नाव नाय घेत आम्ही. अदब असते." आणि मग, माझा चेहरा बघून की काय, "मला काय, कानावर आलं म्हणून बोलले," असं म्हणून त्या पुन्हा जागेवर जाऊन माळ ओढू लागल्या.

मी पेन खाली ठेवलं. आमच्याकडे आम्ही चुलत सासरे म्हणतो, मोठे सासरे हा शब्द मला कधी ऐकायलाच मिळाला नव्हता. एका भावकीत एका नावाचे दोघे असणं इथे अगदी नेहमीचं. म्हणजे मी जी फाईल डॉक्टरांपुढे ठेवली होती ती त्या गणपतरावांच्या मुलाची, यांच्या चुलतभावाची. मी गावाचं नाव काढून टाकून पुन्हा शोधलं, तर बाळाराम पाटलांची लांबलचक यादी पुढे आली, कोणाचं गाव लिहिलेलं, कोणाचं नुसतं तालुका पनवेल. मधल्या नावाशिवाय यातला माणूस हाती लागणार नव्हता. काउंटर सोडून जायचं नाही असा नियम आहे. मी तो मोडला आणि पडदा बाजूला सारून आत गेले.

सिस्टरच्या हातात भरलेली सिरिंज होती. "सिस्टर, थांबा," मी म्हणाले. "फाईल चुकीची आहे. माझ्याकडून झालंय." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, पण आधी सिस्टरना हाताने थांबवलं. मी त्या आजींकडे वळले. "आजी, गणपत हे मोठे सासरे. सख्ख्या सासऱ्यांचं नाव काय?"

"ता कसा घेव, बाय."

"आधार कार्ड आहे का बरोबर?"

"घरी ऱ्हायला."

डॉक्टर म्हणाले, "आजी, पेशंटच्या जिवाचा प्रश्न आहे. जास्त वेळ औषधाशिवाय ठेवताही येणार नाही." तिला ते कळत होतं. तिचे डोळे भरून आले, ओठ हलले, पण शब्द बाहेर येईना. लग्न होऊन आल्यापासून जे नाव जिभेवर येऊ दिलं नव्हतं ते मागितलं म्हणून यायला तयार नव्हतं. ती नवऱ्याच्या कढत हातावर हात ठेवून उभी होती आणि मला तिचा राग येत होता, माझा स्वतःचाही. मग तिने डोळे पुसले आणि एकेक शब्द सुटा सुटा म्हणाली, "देवाचा नाव हाय त्यांचा. तीन तोंडांचा देव."

डॉक्टरांनी विचारलं, "ब्रह्मदेव?" तिने नकारार्थी मान हलवली. सिस्टर केरळकडच्या, त्यांना यातलं काही उमगत नव्हतं. आजींनी आता माझ्याकडे पाहिलं, अगदी काकुळतीने. "मागं गाय हाय. पायाशी कुतरे."

मला पहिल्याच खुणेला कळलं होतं. कळणार कसं नाही. पण माझीही जीभ टाळ्याला चिकटली. त्या खाटेपाशी आम्ही दोघी एकच नाव तोंडात धरून उभ्या होतो. तिने ते आदराने धरलं होतं आणि मी रुसून. माझ्या रुसव्याची लाज वाटायलाही तेव्हा वेळ नव्हता.

"दत्त," मी म्हणाले. आवाज नीट फुटलाच नाही, म्हणून पुन्हा म्हणाले. "दत्त. दत्तू का, आजी?"

तिने पदर ओढला आणि खाटेच्या दांडीवर डोकं टेकलं.

मी धावत जागेवर आले आणि टाईप केलं. बाळाराम दत्तू पाटील. गावाच्या जागी माझ्यासारख्याच कोणी घाईवाल्याने नुसतं पनवेल लिहिलेलं. फाईल उघडली आणि वरच लाल अक्षरांत त्या इंजेक्शनचं नाव होतं, त्याने श्वास कोंडला होता आणि पेशंटला दोन दिवस अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं होतं, असं लिहिलेलं. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. सिस्टरच्या हातून सिरिंज घेऊन डॉक्टरांनी ती बाजूच्या ट्रेमध्ये ठेवली आणि दुसरं औषध मागवलं. मी नव्या नंबराचे स्टिकर आणि पट्टा काढून आत दिले.

त्या दुपारी मी घडलेलं सगळं लिहून वरिष्ठांना दिलं. चांगलीच बोलणी बसली आणि ती रास्त होती. डॉक्टर मात्र जाताजाता काउंटरपाशी थांबले आणि म्हणाले, "त्या बाईंनी मला स्पष्ट सांगितलं होतं. मी त्यांचं न ऐकता स्क्रीनचं ऐकलं." खांबाजवळच्या बाकावर तेव्हा दुसरंच कोणी बसलं होतं. दिवसभर लोकांची नावं विचारणारी मी, त्या माउलीचं नाव मी विचारलं नव्हतं. आमच्या संप्रदायात दत्तगुरू फकिराच्या वेषात येऊन गेल्याच्या गोष्टी मी बाबांकडून पुष्कळ ऐकल्या आहेत. मी तसं काही म्हणत नाही. त्यांच्या मांडीवर सुनेचा एक्स-रे होता आणि त्या आपल्या सुनेला घेऊन घरी गेल्या असतील. पण त्यांच्या कानावर पडलं, आणि मी तुटकपणे उत्तर दिलं तरी त्या बोलल्या. एवढ्यासाठी मी त्यांना रोज हात जोडते.

बाळारामकाका नवव्या दिवशी पायाने चालत घरी गेले. त्यांची बायको मला शोधत काउंटरवर आली. तिला खरं सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. मी म्हटलं, "आजी, चुकीची फाईल मीच लावली होती. तुम्ही बरोबर सांगत होतात." तिने मला नीट न्याहाळलं. मला वाटलं, आता ही मला शिव्या देईल. ती म्हणाली, "मी तरी कुटं तोंड उगडला. दोगींची मिलून चूक." आणि थोडं थांबून, "बरा झाला, बाय, तुला नाव म्हाईत व्हता."

ते वाक्य घेऊनच मी कामावरून सुटले. बाजारातल्या गल्लीत एक लहानसं दत्ताचं देऊळ आहे. पाच महिने मी त्याच्यावरून मान वळवून जात होते. त्या संध्याकाळी आत गेले. बाबांच्या वेळी तू कुठे होतास, हा प्रश्न तेव्हाही मनात होता आणि आजही आहे. त्याचं उत्तर मला मिळालेलं नाही, आणि आता मी ते मागतही नाही. एखाद्या अनोळखी घराचं माणूस वाचवायला मला उठवून उभं केलं, तसं त्या सकाळी तालुक्याच्या दवाखान्यात माझ्या बाबांजवळही कोणाला तरी उभं केलं असेल, इतकंच मी मानते. मला दुसरी कुठली प्रार्थना सुचेना. म्हणून मी बाबांचं नाव सांगितलं. पूर्ण, जसं मी रोज लिहून घेते तसं. नाव, मधलं नाव, आडनाव, वय, गाव. शेवटी नातं, मुलगी. पेशंट आत गेला की नातेवाइकांनी बाहेर थांबायचं असतं, हे मी दिवसातून कितीदा तरी लोकांना सांगते. मी बाहेर आले आणि पायरीवर बसले.