वहिनींच्या हातांसाठी शाम्पू

माझ्या वहिनींचं बदनापुरात ब्युटी पार्लर आहे. दिवसभर बायकांची डोकी धुऊन त्यांच्या बोटांना भेगा पडल्या. हातमोजे घातले तर गिऱ्हाइकांची कुरकुर, "डोक्याला प्लास्टिक लागून राह्यलं." डॉक्टर म्हणाले, शाम्पूतून हात काढा, नाहीतर पार्लर बंद करा. माझं डोकंच फिरलं. मी जालन्यात एका शेडमध्ये शाम्पू बनवून विकते, आणि माझ्याच घरातली बाई शाम्पूपायी धंदा सोडणार? मी त्यांना सांगून टाकलं, आता माझ्या हातचा शाम्पू वापरायचा.

शाम्पूत मळ काढणारा जो घटक असतो त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. नेहमीचा सल्फेटवाला भरपूर फेस देतो, पण मळाबरोबर कातडीचं तेलही ओरबाडून नेतो. मी त्याला रजा दिली आणि ग्लुकोसाइड नावाचा सौम्य सर्फॅक्टंट घेतला. हा साखर आणि खोबरेल तेलापासून बनतो, कातडीशी नीट वागतो. फक्त नखरे फार. एरवी शाम्पू दाट करायला आम्ही मीठ घालतो. याच्यात कितीही घाला, ढिम्म! पातळ शाम्पू बघून माझा भाऊ म्हणाला, "वरणात पाणी जास्त झालं का गं?" शेवटी डिंक घालून दाट केला. माझ्या केसांवर फेसही छान आला.

पार्लरमध्ये पहिल्याच दिवशी फजिती झाली. आमच्याकडे डोकं धुवायला जायचं तर आदल्या रात्री तेल थापायचं, कोरड्या केसांनी जाणं बरं दिसत नाही. कापडदुकानवाल्या मारवाडी काकू तशाच निथळत आल्या. त्या तेलानं आणि बोअरच्या जड पाण्यानं सगळा फेस गिळला.

"फेस कुठाय? बिलकुल न्हाई! धुऊन राह्यल्या का नुसतं चोळून राह्यल्या?" काकू म्हणाल्या. एवढ्या तेलात भजी तळून होतील, असं माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं.

शेडमध्ये परत येऊन मी त्यात बीटेन मिसळलं. हाही सौम्यच सर्फॅक्टंट, जोडीला असला की फेस सुधारतो. तरी तेलकट डोकं दोनदा धुणं भाग होतं. पहिल्यांदा तेल निघतं, दुसऱ्यांदा फेस येतो. वहिनींना हे सांगितलं.

"दोनदा? ताई, मंग हात पाण्यातच राहतील की माझे!"

हात आणखी बिघडले असते तर पार्लर माझ्यामुळेच बंद पडलं असतं. तरी वहिनींनी माझ्यावर विश्वास टाकला. काकू पुन्हा आल्या, दुसऱ्या धुण्याला कपाळापर्यंत फेस आला आणि आरशात बघत त्या म्हणाल्या, "हां, आता बराबर." मला काकूंच्या केसांचं काही पडलं नव्हतं. मी वहिनींची बोटं बघत होते, आणि एवढ्यात काही कळणार नव्हतं.

काही आठवड्यांनी त्यांच्याकडे जेवायला गेले. वहिनी ओट्यापाशी मीठ, लसूण आणि हिरव्या मिरच्या हातानंच चुरत होत्या. मी ओरडलेच, "अहो, हात!"

त्यांनी मिरच्यांनी माखलेली बोटं माझ्यापुढे धरली. एकही भेग नव्हती.

"बिलकुल न्हाई झोंबत, ताई," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मग मीही. भाऊ पाण्याचा तांब्या घेऊन धावत आला. त्याला वाटलं, दोघींच्याही डोळ्यांत तिखट गेलं.