तीन ठोके आणि पाळीवरची धामण

नागझिऱ्याच्या जंगलापासून गोंदियाच्या स्टेशनापर्यंत असा एकही जीव नसेल, ज्याला माझ्या मावशीच्या दिरांनी काही ना काही शिकवायचा प्रयत्न केला नाही. हे विधान मी जपून करतो आहे. नागपूरच्या एका साप्ताहिकात बातम्या लिहून पोट भरणाऱ्याला अतिशयोक्ती परवडत नाही. सारं गाव त्यांना काकाजी म्हणे. ते गावच्या तलावाचे पाणकर होते. धानाच्या बांध्यांना वेळेवर पाणी सोडायचं आणि तलावाची मातीची पाळ धड ठेवायची, हे त्यांचं काम. तलाव त्यांच्याच पूर्वजांनी बांधलेला असल्यामुळे पाळीकडे ते घरच्या भिंतीसारखे पाहत. या कामातून उरलेला वेळ ते शिक्षणाला देत. त्यांची म्हैस त्यांच्या खोकल्यावर उठून उभी राही. त्यांना सर्दी झाली तेव्हा बिचारीला आठवडाभर बसता आलं नाही. कोंबड्याला त्यांनी उशिरा आरवायला शिकवलं होतं, कारण पहाटे त्यांची झोप मोडे. शास्त्र एका वाक्याचं होतं. “भुकेचं अन् खुणेचं लगीन लावून द्याचं. मंग दोघंबी संगंच येतेत.” यावर काकींचं उत्तर ठरलेलं असे. “मले नाई शिकवता आलं याईले. वाढनारीच मी, तं मले काय शिकवतेत?”

धामण त्यांच्या आयुष्यात आली ती घुशींमुळे. घुशी पाळ पोखरतात, बिळात पाणी शिरतं, आणि बघता बघता पाळ वाहून जाते. तिच्यामागे खालचं सगळं धान. म्हणून पाण्याच्या बाजूच्या एका बिळात सहा हाती धामण राहायला आली, तेव्हा काकाजींनी तिला राहू दिलं आणि लगेच शाळेत घातलं. पाळीची माती घट्ट बसवायला ते धुम्मस वापरत, म्हणजे दांडा लावलेला जड लाकडी ठोकळा. सापाला हाक ऐकू येत नाही, पण जमीन हललेली कळते, हे त्यांनी ताडलं होतं. रोज सकाळी धुम्मसाचे तीन ठोके, मग पिंजऱ्यातला उंदीर. मी गेलो तेव्हा हा अभ्यास चार महिन्यांचा झाला होता. मी घड्याळ हातात धरून पाहिलं. तिसऱ्या ठोक्यानंतर सव्वा मिनिटात धामण बाहेर आली. उंदराच्या वासाने येत असेल, अशी शंका मी काढली. दुसऱ्या दिवशी उंदीर घरीच ठेवला. सव्वा मिनिटात धामण हजर.

त्याच आठवड्यात मालगुजारांची, म्हणजे गावच्या जमीनदारांची, गाय आटली. त्यांच्या गुराख्याने सांगितलं की, धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते. गावाला ते लगेच पटलं. नागपंचमी होऊन दहा दिवसही झाले नव्हते, याची मी आठवण करून दिली.

“तो नाग व्हता,” गुराखी म्हणाला. “ही धामण हाये. धामणीले सण नाई.”

मालगुजारांनी निवाडा दिला. हाकेला येईल ते जनावर पाळीव, न येईल ते जंगली. धामण आली तर जगेल, नाही आली तर काठी. काकाजी त्या दिवशी जेवले नाहीत. उद्या ठोक्यांनंतर उंदीर नाही, म्हणजे तीही उपाशी राहणार, असं ते म्हणाले.

सकाळी सारं गाव पाळीवर जमलं. मालगुजारांची खुर्ची बाहेरच्या उतारावर मांडली होती, गवताला टेकून. पाण्याच्या बाजूला बिळापाशी चार जण काठ्या घेऊन उभे. धामण आत शिरलेली त्यांनी पाहिली होती. काकाजींनी तीन ठोके घातले. कोणी आलं नाही. पुन्हा तीन. नाही.

“काय गा काकाजी, शाळेले सुट्टी हाये का आज?” गुराख्याने विचारलं.

काकाजींनी सगळ्यांच्या पायांकडे पाहिलं. “तुमी सारे नाचून राह्यले, मंग तिले माहा ठोका कसा समजंल? बसा खाली. पाय हालवू नका.”

गाव बसलं. मालगुजारांनीही पाय खुर्चीवर घेतले. पुन्हा तीन ठोके पडले. एक मिनिट झालं, मग सव्वा. दोन मिनिटं झाली तेव्हा काठीवाले उठू लागले. काकी हळूच म्हणाल्या, “ये ना बाई.”

तेवढ्यात मालगुजार खुर्चीवर उभे राहिले. धामण त्यांच्याखालच्या गवतातून निघाली, बसलेल्या माणसांमधून सरळ वर चढली आणि धुम्मसापाशी येऊन थांबली. लोक ओरडायचं विसरले. मग कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळी पाळ वाजू लागली.

काकाजी मात्र गवताकडे धावले होते. आडवे पडून त्यांनी खांद्यापर्यंत हात आत घातला. “ही तिकडून शिरली अन् इकडून निंगाली,” ते म्हणाले. “बीळ आरपार हाये.”

तलावाचं पाणी आतल्या तोंडाखाली जेमतेम वीतभर होतं आणि नागझिऱ्यावर आभाळ काळं झालं होतं. ज्यांच्या हातात काठ्या होत्या त्यांनी कुदळी घेतल्या. संध्याकाळपर्यंत बीळ खणून, चिकणमाती भरून, ठोकून बंद केलं. दुसऱ्या दुपारी तलाव भरून सांडव्यावरून वाहत होता. पाळ हलली नाही. मालगुजारांनी सगळ्या गावासमोर काकाजींना पागोटं बांधलं आणि धामणीला काय द्यायचं ते विचारलं.

“उंदीर,” काकाजी म्हणाले. “तुमच्या कोठारात लई हायेत.”

गाईचा विषय पुन्हा निघाला नाही. मी बातमी पाठवली. संपादकांनी पाळ ठेवली, साप काढून टाकला.

त्यानंतर कितीतरी पावसाळे गेले. आधी धामण दिसेनाशी झाली, मग काकाजी गेले. मागच्या खेपेला गेलो तेव्हा तोच गुराखी पाणकर झाला होता. पाळीवर माती टाकायला आठ-दहा माणसं आली होती. त्याने धुम्मस उचलून तीन ठोके घातले आणि ते बाजूला ठेवलं. सगळे खाली बसले.

“ती आता नाही ना?” मी विचारलं.

“नाई. थांबा जरासक.”

मी घड्याळ काढलं. सव्वा मिनिट कोणी पाय हलवला नाही.