सुलेखाचे दोनशे उंदीर

माझी सुलेखा न्यूजर्सीत उंदीर चाचपायची. मुलगी काय करते असं कोणी विचारलं की मी 'कॅन्सरवर संशोधन' म्हणायची, पण खरं काम हेच. रोज दोनशे उंदीर. एकेक उचलायचा, दोन बोटांनी पोटाखालून, काखेतून बघायचं, गाठ लागते का, आणि वहीत लिहायचं.

"माणसात जो जीन बिघडला की कॅन्सर होतो ना आई, तोच उंदरात असतो, कोंबडीत असतो. पावाच्या यीस्टमध्येसुद्धा त्याचा भाऊबंद सापडलाय."

"म्हणजे भाऊबंदकी तिथवर पोचली म्हण की!"

पंच्याऐंशीच्या दिवाळीत मी तिच्याकडे होते. दिवाळी मंगळवारी होती, म्हणून पार्सिपनीत, तिच्या गावात, ती सुट्टीच्या रविवारी आली. सुलेखाला टबाच्या काठावर बसवून मी तेल लावत होते. काखेपाशी माझा अंगठा अडला. वाटाण्याएवढं काहीतरी.

"सुले, हे काय गं?"

तिनं आपली दोन बोटं तिथे ठेवली, उंदराला लावते तशीच. उटणं वाटीत वाळून गेलं.

"दोनशे उंदीर बघतेस, स्वतःला कधी बघितलं नाहीस?"

"राहूनच गेलं, आई."

डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला दिला. सहा दिवस थांबा म्हणाले. जावई, उल्हासराव, दिवसातून तीनदा टपालपेटी उघडून बघायचे. निरोप फोनवर येणार हे माहीत असून!

चौथ्या दिवशी मला राहवेना. "उंदराला गाठ निघाली की तुम्ही त्याला बरं करता ना?"

तिचं लाटणं थांबलं. "नाही गं. ती कशी वाढते ते बघतो."

ती पोळी मी तव्यावर टाकली आणि करपवली.

सहाव्या दिवशी फोन आला. साधी गाठ होती. उल्हासराव रडले. सुलेखा मात्र खुर्चीत बसून म्हणाली, "आज ज्याला गाठ लागली तो उंदीर मी कितीतरी वेळ हातातच धरून बसले होते."

माझा व्हिसा संपत आला होता. निघताना तिच्याकडून कबूल करून घेतलं, महिन्याच्या पहिल्या रविवारी तेल लावायचं आणि नीट बघायचं.

आता सांगलीहून, शेजारच्या शैलाकाकूंकडून फोन लावते, तेव्हा जेवलीस का असं विचारत नाही. "हात फिरवलास?" म्हणते. एवढ्या लांबून आवाज यायला वेळ लागतो म्हणे. लागत असेल. तिचं 'हो' येईपर्यंत मी शैलाकाकूंच्या फोनची वायर बोटाला गुंडाळत उभी असते.