बाईंची खात्री

“पेशंटला बरं वाटलं, हे कळलं. औषधानंच बरं वाटलं, याची खात्री किती?” असं म्हणून बाई चष्मा कपाळावर सरकवायच्या. समोरचा डॉक्टर कितीही मोठा असो, गडबडायचाच.

नगरच्या एका रुग्णालयात त्या फुप्फुसांच्या डॉक्टर आणि मी ग्रंथपाल. नव्या औषधांवरचं संशोधन मी शोधून द्यायचो. पुराव्यावर किती विसंबायचं ते त्या ठरवायच्या: भक्कम, मध्यम, कमी की फारच कमी. ‘भक्कम’ त्यांच्या तोंडून क्वचितच निघे. त्यांचे यजमान हसून म्हणायचे, “आमच्या लग्नाला ‘मध्यम’ मिळालंय. मी त्यावरच खूश आहे.”

मग करोना आला. ते दिवस तुम्हीही पाहिलेत. एका इंजेक्शनसाठी माणसं गावोगाव धावत होती. बाई सगळ्यांना सांगायच्या, “त्यानं जीव वाचतो असा पक्का पुरावा नाही. धावू नका, आपल्या माणसाजवळ थांबा.” श्रीगोंद्याच्या एका शेतकरणीनं ते ऐकलं आणि ती इंजेक्शनमागे न धावता नवऱ्याच्या वॉर्डाबाहेर बसून राहिली.

त्याच आठवड्यात बाईंचे यजमान करोना होऊन त्याच वॉर्डात दाखल झाले. त्यांचा श्वास खालावला, तेव्हा बाईंनी ओळखीच्या सगळ्यांना फोन लावून तेच इंजेक्शन मिळवलं. मी समोरच होतो. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “काही बोलू नका.”

यजमान बरे होऊन घरी आले. शेतकरणीचा नवरा गेला.

ती मृत्यूचा दाखला न्यायला आली, तेव्हा बाईंनी तिला माझ्या ग्रंथालयात बसवलं आणि यजमानांसाठी ते इंजेक्शन मिळवल्याचं आपणहून सांगितलं.

“आमी आनलं असतं, तर वाचले असते का वो?”

“माहीत नाही.”

“एवढं वाचता, तरी न्हाई?”

“हजारांचं थोडंफार सांगता येतं. तुमच्या एकाचं नाही येत.”

“मंग उपेग झाला नसता, एवढं तरी म्हना. मला झोप लागंल.”

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली घेतला आणि दाखला तिच्यापुढे ठेवला.

पुढे त्या इंजेक्शनवरचा प्रत्येक नवा अभ्यास त्या मागून घ्यायच्या, वाचून माझ्याकडे सरकवायच्या. “अजून हवं तेवढं कळत नाही.” कधी मी त्यांच्याकडे जेवायला गेलो, तर त्या यजमानांकडे टक लावून बघत बसायच्या. ते थट्टेनं म्हणायचे, “जिवंत आहे गं मी. खात्री भक्कम!” बाई उठून आत जायच्या. मग नुसता नळ सोडल्याचा आवाज यायचा.

गेल्या हिवाळ्यात बाई हृदयविकारानं अचानक गेल्या. दहाव्याला ती शेतकरीण आली आणि ओसरीत यजमानांशेजारी टेकली.

“तुमाला दिल्तं ना ते?”

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

“आता दम लागत न्हाई ना?”

“नाही.”

ती वर-खाली होणाऱ्या त्यांच्या छातीकडे नुसती बघत राहिली. आणि तिच्या नजरेखाली तो माणूस, होता होईल तेवढा, आवाज न करता श्वास घेत होता.