सोफ्यामागचा स्पीकर

कोपरखैरण्यात आमच्या शेजारी राहणारे काका, कुणाकडेही नवी वायर दिसली की चपला काढून आत येतात. बाबांचा डिस्क प्लेअर पाच स्पीकरांच्या सेटला जोडायलाही तेच आले. प्रत्येक वायरीला ते दटावत होते, "तू कुठं चाललीस? तुझं घर तिकडं हाय."

तासाभराने ताईच्या लग्नाची डिस्क सुरू झाली. सोफ्यामागच्या स्पीकरमधून आईचा आवाज आला, "जेवल्याशिवाय जायचं नाही हं."

काका चटकन उठले आणि मागे वळून हात जोडत म्हणाले, "नको वहिनी, आताच जेवलो."

आई जाऊन दोन वर्षं झाली होती, तरी आम्ही खूप हसलो. बाबा मात्र आत जाऊन ताट वाढून घेऊन आले. काका निमूटपणे दुसऱ्यांदा जेवले, आमटीही मागून घेतली.